मदत हवी आहे : बांधकाम कंपनीचा सीएसआर कुटुंबाच्याच ट्रस्टमार्फत

दोन भावांची खासगी बांधकाम कंपनी. एका प्रकल्पाचे सगळे ताबे एकाच वर्षात दिल्याने निव्वळ नफा 5 कोटींच्या वर गेला आणि कंपनी कायदा 2013 चे कलम 135 लागू झाले. म्हणजे मागच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सीएसआरवर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या कामांवर, खर्च करणे भाग.

हा पैसा कौटुंबिक ट्रस्टमार्फत ग्रामीण दवाखान्यासाठी वापरायचा आहे. ट्रस्टकडे आयकर सवलतीच्या 12ए आणि 80जी नोंदण्या आहेत, सीएसआर-1 (सीएसआरचे काम करणाऱ्या संस्थेच्या नोंदणीचा सरकारी फॉर्म) भरायचा आहे. खरी अडचण इथे आहे : ट्रस्ट भावांनी व्यक्तिशः स्थापन केलाय, कंपनीने नाही. त्यामुळे तशाच कामाच्या 3 वर्षांच्या अनुभवाची अट लागते, आणि ट्रस्टने आजवर फक्त शिष्यवृत्त्या दिल्यात. हा अनुभव दवाखान्यासाठी धरला जातो का? ऑडिटर नेमकी कोणती कागदपत्रे मागतात? की कंपनीनेच नवा ट्रस्ट काढणे सोपे?

इमारत ट्रस्टच्या नावावरच होईल, कारण अशी मालमत्ता कंपनीच्या नावे ठेवता येत नाही. साइटवरच्या उरलेल्या सळई-सिमेंटची किंमतही सीएसआरमध्ये धरता येत नाही, हे माहीत आहे. पण बांधकाम याच कंपनीने केले, तर बिल कसे लावावे? अशी फाइल हाताळलेल्या सीए-सीएस (कंपनी सेक्रेटरी) मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.