मदत हवी: बाबांच्या बायॉप्सीत 'एमएलएच१ लॉस'. दोष घराण्यातला की फक्त गाठीतला?

कोयनाकाठ:
बाबा ७१ वर्षांचे. दोन महिने चार घास खाल्ले की पोट गच्च व्हायचं, हिमोग्लोबिन ८ वर आलं, म्हणून एन्डोस्कोपी केली तर जठराच्या खालच्या टोकाला गाठ निघाली. सीटीत बाकी कुठे पसरलेलं नाही. आधी 'फ्लॉट' नावाच्या औषधमिश्रणाच्या चार केमो, मग ऑपरेशन, मग परत चार, असं ठरतंय.

काल पुरवणी रिपोर्ट आला. गाठीत एमएलएच१ आणि पीएमएस२ ही प्रथिनं लॉस (म्हणजे दिसत नाहीत), एमएसएच२ आणि एमएसएच६ शाबूत. खाली एक ओळ: शेजारच्या लिम्फोसाइटमध्ये (निरोगी पांढऱ्या पेशींत) प्रथिन दाखवणारा रंग आला आहे. ओपीडीत 'डीएनए दुरुस्त करणारं प्रथिन नाही, एमएसआय-हाय असणार' एवढंच कानावर पडलं आणि पुढच्या पेशंटला हाक गेली.

आत्याला ४६व्या वर्षी गर्भाशयाचा कॅन्सर झाला होता, आता ठणठणीत आहे. आजोबा 'पोटातल्या अल्सरने' गेले म्हणतात, कागद काहीच नाहीत. ताईला स्थळं बघणं चालू आहे, त्यामुळे 'आपल्यात हे आहे' असं घरात बोलायची सोय नाही. लिम्फोसाइटमध्ये प्रथिन आहे म्हणजे रक्तात दोष नाही, आम्ही भावंडं सुटलो, बरोबर ना? आणि अशा गाठीला केमो लागू पडत नाही म्हणतात, ते खरं का?

स्लाइडवाली:
पॅथॉलॉजीत काम करते. तर्क छान आहे, पण चुकतोय. त्या लिम्फोसाइट तपकिरी झाल्या म्हणजे रंगाने काम नीट केलं, एवढंच. वारशाने दोष आलेल्या माणसातही जनुकाची दुसरी प्रत चांगली असते, म्हणून निरोगी पेशी रंगतातच. गाठीत ती दुसरी प्रतही गेलेली असते, तिथे केंद्रकं निळीच राहतात.

पीएमएस२ला एमएलएच१चा आधार लागतो. तो गेला की हाही टिकत नाही, म्हणून दोन्ही एकदम गायब. पेशी डीएनएची नक्कल करताना 'ए ए ए ए' अशा लांब ओळीत एखादं अक्षर गाळते किंवा जास्त लिहिते. ते खोडून नीट करणारी ही मंडळी. टीजीएफबीआर२ जनुकात अशी सलग १० 'ए' आहेत, तिथे हमखास अडखळतं. अशा चुका साठलेली गाठ म्हणजेच एमएसआय-हाय.

जठरात एमएलएच१ बहुतेकदा वारशाने जात नाही. वयानुसार त्या जनुकाच्या सुरुवातीला मिथाइल या रासायनिक खुणेचं कुलूप बसतं आणि ते बंद पडतं. ७१व्या वर्षी माझा पहिला अंदाज हाच. गाठीवर मिथायलेशनची चाचणी होते. कुणी 'बीआरएएफ जनुकातला बदल बघा, भागेल' म्हणालं तर ते मोठ्या आतड्याचं गणित आहे, जठरात चालत नाही.

पण आत्यांचा कॅन्सर नक्की कुठला? अस्तराचा की मुखाचा? आपल्याकडे दोन्हीला 'गर्भाशयाचा'च म्हणतात. मुखाचा असेल तर या दोषाशी संबंध नाही, अस्तराचा असेल तर वारशाचा संशय वाढतो.

बार्शीकर:
आमच्या घरात लिंच सिंड्रोम, म्हणजे हाच दुरुस्तीचा दोष वारशाने, आहे, म्हणून सांगतो. आधी रक्त बाबांचं द्या, तुमचं नाही. घरातला नेमका बदल माहीत नसताना तुमचा रिपोर्ट 'निगेटिव्ह' आला तर त्याला अर्थ नाही. बाबांत सापडला तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, आणि ज्याच्यात असेल त्याने २०-२५ वयापासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी. मी करतो. आदल्या रात्रीचं औषध सोडलं तर काही त्रास नाही.

आजोबांचा 'अल्सर' सोडून देऊ नका. वॉर्थिन या पॅथॉलॉजिस्टने १९१३ साली मांडलेल्या अमेरिकेतल्या 'फॅमिली जी' या लिंच असलेल्या घराण्यातही पोटाचे कॅन्सर पुष्कळ होते.

स्लाइडवाली:
केमोचं राहिलं. जठराच्या कॅन्सरवरच्या केमोच्या 'मॅजिक' चाचणीचं २०१७ साली पुन्हा विश्लेषण झालं, त्यात अशा गाठींना नुसत्या ऑपरेशनने बरं झालं आणि केमोने उलट नुकसान दिसलं. पण पेशंट मोजकेच होते आणि औषधंही फ्लॉटची नव्हती. दुसरीकडे फ्रान्समधल्या 'निओनिपिगा' चाचणीत ३२ जणांना ऑपरेशनआधी निवोलुमॅब-इपिलिमुमॅब ही इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती गाठीवर सोडणारी औषधं) दिली. ऑपरेशन झालेल्या २९ पैकी १७ जणांच्या काढलेल्या जठरात गाठ उरलीच नव्हती. धाग्यावरून केमो रद्द करू नका. पहिल्या सलाइनच्या आधी मात्र डॉक्टरांना थेट विचारा: एमएसआय-हाय आहे तर आधी इम्युनोथेरपीचा विचार होईल का?

कोयनाकाठ:
आत्याला फोन केला. आधी 'कशाला उकरतोस' म्हणाली, मग ट्रंकेतली फाइल काढून फोटो पाठवला. 'एन्डोमेट्रियम' लिहिलंय. म्हणजे अस्तरच.

सोमवारची भेट मिळाली आहे. ताईला सांगितलं, आईला अजून नाही. मिथायलेशनसाठी लॅबकडून स्लाइड मागायच्या की ब्लॉक (गाठीचा मेणात जपलेला तुकडा)?

स्लाइडवाली:
ब्लॉक. पण आत्यांचा कागद बघता मिथायलेशनच्या निकालासाठी थांबू नका, बाबांचं रक्त सोबतच पाठवा. फाइल सोमवारी घेऊन जा.