वीज केंद्र कोळशावरून गॅसवर गेलं तर मिलवाल्यांचं काय होते? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. मी वणी तालुक्यातला. आमचं वीज केंद्र लहान आहे, वीज बाहेर विकत नाही, आजूबाजूच्या कोळसा खाणींना जाते. पंप, शॉवेल, कन्व्हेयर सगळं आमच्यावर. पावसाळ्यात लाइन गेली की खाणीच्या तळाशी पाणी साचते आणि इकडे फोनवर फोन.

चौदा वर्षं झाली, मी बाउल मिलवर (बॉयलरसाठी कोळसा दळायचं यंत्र) फिटर आहे, कंत्राटी. रोलर बदलणे, रिजेक्ट (न दळलेले दगड) काढणे, ओला कोळसा बंकरमध्ये अडकला की घण मारून सोडवणे. दोन महिन्यांपासून कँटीनमध्ये एकच गोष्ट: केंद्र नैसर्गिक वायूवर जाणार. कोणी म्हणते मुंबई-नागपूर पाइपलाइनवरून फाटा येईल, कोणी म्हणते नुसती हवा आहे. कंत्राटदाराला विचारलं तर हसते.

मोबाइलवर शोधलं तर ऑस्ट्रेलियातल्या माउंट आयझाचं मिका क्रीक सापडलं. 1960 साली कोळशावर सुरू झालं, तांबं-शिसं-जस्ताच्या खाणींना वीज द्यायचं. 1998 मध्ये 840 किलोमीटरची गॅस पाइपलाइन आली आणि केंद्र गॅसवर गेलं. पण तिथल्या मिलवाल्यांचं काय झालं हे कुठंच लिहिलं नाही. लिहिणाऱ्यांना मेगावॅट दिसतात, माणसं नाही.

तर विचारायचं हे की आमच्यातलं कोण राहते? बॉयलर अटेंडंटची दुसऱ्या वर्गाची परीक्षा द्यावी का, की गॅसवर तिचा उपयोग नाही? घरी आणखी एक चिंता आहे, मेहुण्यानं कर्ज काढून राखेच्या विटांचं मशीन घेतलं. त्याला अजून काही सांगितलं नाही.

जुना_बॉयलरवाला: भाऊ, साहेबांना आधी एवढंच विचारा: बर्नर बदलणार की टर्बाइन नवं लावणार?

बर्नर बदलले तर बॉयलर, वाफेचं टर्बाइन, कूलिंग टॉवर तेच राहते. मिल, बंकर, सीएचपी (कोळसा हाताळणी विभाग), ईएसपी (धुरातली राख पकडायचं यंत्र), राखेचे पंप मात्र जातात. शिवाय वायूत हायड्रोजन जास्त, त्यामुळे धुरातून वाफ जास्त निघून जाते आणि बॉयलरची कार्यक्षमता दोन-चार टक्के घसरते. म्हणून शहाणा मालक गॅस टर्बाइन लावते आणि त्याच्या गरम धुरावर दुसरा बॉयलर चालवते. जुनं केंद्र कोळशाच्या उष्णतेतली तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास वीज काढते, अशा जोडकेंद्रात अर्ध्याहून जास्त निघते.

पण तो धुरावरचा बॉयलरही कायद्यानं बॉयलरच असते, त्याला प्रमाणपत्रवाला माणूस लागतेच. परीक्षा द्या. फक्त बॉयलरवर काम केल्याचा दाखला लागेल, मिल फिटर म्हणून धरतील असं समजू नका. आतापासून बॉयलरच्या मजल्यावर ड्युटी मागा.

चंद्रपूरकर: माझ्या मते गॅस येणार नाही. माउंट आयझाला कोळसा दुरून रेल्वेनं आणावा लागायचा, तुमची खाण दारात आहे! आणि उरणला महानिर्मितीचं 672 मेगावॅटचं गॅस केंद्र आहे, तेच गॅस पुरत नाही म्हणून पूर्ण क्षमतेनं चालत नाही. मिका क्रीकही आता बंद आहे, जवळच डायमँटिना नावाचं दुसरं गॅस केंद्र आलं. गॅस आला म्हणजे केंद्राला अमरपट्टा मिळाला असं नाही.

जुना_बॉयलरवाला: हे खरं. पण साहेबलोक बोलून राहिले म्हणजे कागद कुठंतरी हलला असेल. मेहुण्याला मात्र आजच सांगा. वायू जाळला की राख नाही, मशीन फिरवायला राख दुसऱ्या केंद्रातून आणावी लागेल, आणि ट्रकचं भाडं विटेत निघत नाही.

धागाकर्ता: धन्यवाद भाऊ. काल शिफ्ट इनचार्जला विचारलं, बर्नर की टर्बाइन. तो म्हणे, तुला हे कोणी शिकवलं? मग खुर्ची पुढं ओढली. बर्नर म्हणाला, पण खात्रीनं नाही. बॉयलर फ्लोअरवर रात्रपाळी देतो म्हणाला, पगार तोच.

मेहुण्याकडे येत्या रविवारी जाऊन राहिलो. दाखल्याचा नमुना कोणाकडे असेल तर इथं टाका.