हॅलोविनसाठी हॉल सजवताना: घरच्या कागद-कापडावर भागवावं की विकत आणावं?

केशरीकाठ

ऑक्टोबर उजाडला की इथे न्यू जर्सीत दुकानात शिरल्या शिरल्या सांगाडे आणि प्लॅस्टिकच्या कवट्या समोर येतात. २०२० मध्ये होम डेपोने बारा फुटी सांगाडा २९९ डॉलरला आणला, तेव्हापासून आमच्या भागात अंगणातली चढाओढ वाढतच चालली आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत हॅलोविनवर १२.२ अब्ज डॉलर खर्च होतील असा नॅशनल रिटेल फेडरेशनचा अंदाज होता, त्यातले ३.९ अब्ज नुसत्या सजावटीवर.

माझं मत असं की हॉलसाठी यातलं काही लागत नाही. काळा कार्डस्टॉक, जुनं मलमलचं कापड, दुधाचे रिकामे गॅलन आणि बॅटरीवरचे छोटे दिवे एवढ्यात, पंधरा डॉलरच्या आत, हॉल विकतच्या सामानापेक्षा देखणा होतो.

सुरुवात उजेडापासून करा. छताचा दिवा बंद करायचा आणि टेबललॅम्प खाली जमिनीवर, भिंतीपासून दोनेक फुटांवर ठेवायचा. त्याच्यापुढे पुठ्ठ्याची कापलेली वाळकी फांदी उभी केली की तिची सावली छतापर्यंत चढते. याला खर्च शून्य.

मग वटवाघळं. कार्डस्टॉक मधोमध दुमडून अर्धंच चित्र काढायचं, म्हणजे दोन्ही पंख सारखे येतात. तीन आकारांत कापायची. भिंतीला फक्त पोट चिकटवायचं, पंख थोडे वर उचललेले ठेवायचे. निळी पेंटर्स टेप वापरली तर भिंतीचा रंग निघत नाही, भाड्याच्या घरात हे महत्त्वाचं. सगळीकडे एकेक डकवली तर कागद कागदच दिसतो. फायरप्लेसच्या किंवा दाराच्या एका कोपऱ्यातून मोठी, आणि वर जाताना लहान होत गेलेली, असा थवा केला तर बघणारा थबकतो.

आणि खळीचं भूत. कपभर पाण्यात दोन मोठे चमचे कॉर्नस्टार्च आधी गार असतानाच कालवायचं, मग पारदर्शक होईपर्यंत शिजवायचं. दोन लिटरच्या बाटलीवर फॉइलचा गोळा बसवायचा, हातांसाठी तार गुंडाळायची, वरून क्लिंग फिल्म लावायची. कोमट खळीत मलमल बुडवून, जरासं पिळून त्यावर पांघरायचं. कडा वॅक्स पेपरवर नीट पसरायच्या, चुण्या बोटांनी सारख्या करायच्या आणि रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी बाटली खालून काढून घेतली की कापड आपल्या पायावर उभं. आत बॅटरीचा दिवा, काळ्या कागदाचे डोळे. लहान मुलांना यात जेवढा आनंद मिळतो तेवढा बटण दाबल्यावर हसणाऱ्या चेटकिणीत मिळत नाही, हे मी ठामपणे म्हणेन.

तुमचं काय मत? विकत आणणाऱ्यांनीही लिहा.

दोनपाळ्या

असहमत. तुमचं भूत सुंदर होत असेल, पण त्याला स्वस्त म्हणू नका. दुकानातला हिशेब धरलात, वेळेचा सोडलात. आम्ही दोघं हॉस्पिटलात पाळ्यांनी काम करतो. शनिवारी एक जण घरी असतो, तेवढ्यात धुणं, किराणा, मुलाचं पोहणं. त्यात खळ शिजवत कोण बसणार?

आमची पद्धत सांगतो. १ नोव्हेंबरला सकाळी दुकानात जायचं. आदल्या दिवशीपर्यंत पूर्ण किमतीला असलेला माल निम्म्यावर येतो, आणखी काही दिवस थांबलात तर त्याहून खाली. आमचा सांगाडा आणि केशरी दिव्यांच्या माळा तशाच आणलेल्या आहेत. सांगाडा दरवर्षी नव्या जागी बसतो, कधी सोफ्यावर पेपर वाचत, कधी खिडकीत. एका खोक्यात सगळं मावतं, अर्ध्या तासात लागतं, अर्ध्या तासात निघतं. वर्षांनी भागलं तर वर्षाचा खर्च तुमच्या पंधरा डॉलरच्या खूप खाली येतो. खळीचं भूत मात्र खोक्यात चेपलं की संपलं, म्हणजे दरवर्षी नवं. जे टिकतं ते स्वस्त, असं माझं गणित आहे.

ओसरी

मी मुलाकडे डॅलसला आले आहे, म्हणून लिहिते. तुम्ही दोघं स्वस्त काय यावर वाद घालता आहात, पण हॉलमध्ये हे असावंच का, हे कुणी विचारत नाही. इथल्या बऱ्याच घरांत देव्हारा हॉलच्याच कोपऱ्यात असतो. दसऱ्याचं तोरण उतरून थोडेच दिवस झालेले असतात आणि दिवाळी तोंडावर असते. २०२४ मध्ये तर आपल्याकडच्या कॅलेंडरवर नरकचतुर्दशी आणि हॅलोविन दोन्ही ३१ ऑक्टोबरलाच होते. ज्या पहाटे अभ्यंगस्नान करून पणत्या लावायच्या, त्या दिवशी समोर कवटी? मला ते पटत नाही.

मुलांनी सोंगं घ्यावीत, शेजाऱ्यांकडे जावं, चॉकलेटं आणावीत. आपल्या दारी आलेल्या लेकरांना मी स्वतः खाऊ देते, त्यांचे पोशाख बघून जीव हरखतो. पण सजावट दाराबाहेर असू द्या. घरात चार वर्षांची नात रात्री पाणी प्यायला उठते, तिला अंधारात ते पांढरं उभं असलेलं दिसायला नको.

मांडवीकर

ओसरीताई, तुमच्या भावनेचा आदर आहे, पण भेसूर गोष्ट आणि दिवाळी यांचा आपल्याकडे काही संबंधच नाही असं मात्र नाही. आमच्या गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर नरकासुर उभे राहतात. सुळे, वटारलेले डोळे, आत गवत आणि रद्दी कागद. लहान मुलं स्वतःचा छोटा नरकासुर करतात. पोरांनी एकत्र बसून खळीने कागद चिकटवायचा, रात्र जागवायची आणि पहाटे जाळायचा. पोरांना भीती हाताळायला मिळते, ती त्यांच्या हातून घडते आणि त्यांच्या हातूनच संपते. केशरीकाठ यांच्या भुताबद्दल मला तेच वाटतं. नातीने ते स्वतः केलं तर रात्री त्याला घाबरणार नाही.

ओसरी

मांडवीकर, तुम्हीच माझा मुद्दा मांडलात. नरकासुर चौकात उभा राहतो आणि उजाडायच्या आत जळतो. त्याला कुणी महिनाभर हॉलमध्ये सोफ्याशेजारी ठेवत नाही.

केशरीकाठ

ओसरीताई, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि त्याचं उत्तर मला द्यायलाच हवं. मी महिनाभर लावा म्हणत नाही. कागदाच्या सजावटीचा हाच तर फायदा: शेवटच्या आठवड्यात लागते, १ तारखेला उतरते. कवट्या आणि रक्त मलाही घरात नकोत. वटवाघूळ, घुबड, चंद्र, फांद्या, भोपळे यांत भेसूर काही नाही, हा शरद ऋतूच आहे. खिडकीसाठी काळ्या पुठ्ठ्यात खिडक्या-खिडक्यांचा वाडा कापा आणि मागून केशरी जिलेटीन पेपर लावा. संध्याकाळी आतला दिवा लागला की रस्त्यावरून सुरेख दिसतो. उरलेला जिलेटीन पेपर आकाशकंदिलाला जातो. केशरी माळाही दिवाळीत तशाच राहतात.

दोनपाळ्या, वेळेबद्दल: वटवाघळं मुलं टीव्हीसमोर बसून कापतात, त्याला मोठं माणूस लागत नाही. आणि दुधाच्या गॅलनला तर काहीच वेळ लागत नाही. घरी दही लावणाऱ्यांकडे ते साठतातच. धुवायचे, लेबल काढायचं, काळ्या मार्करने डोळे-तोंड काढायचं, मागून भोक पाडून एलईडी माळेचा तुकडा आत सोडायचा. पाच-सहा जिन्याच्या पायऱ्यांवर ठेवा. नंतर रिसायकलच्या डब्यात. तुमचा सांगाडा शेवटी कुठे जाणार?

दोनपाळ्या

सांगाडा कुठे जाणार ते खरंच बोचतं, ते मान्य. पण तो मोडला तर जाईल ना! दरवर्षी नवा घेणं आणि एकच वर्षानुवर्षं वापरणं यात फरक आहे. जुना नको असलेला माल 'बाय नथिंग' गटांवर फुकट मिळतो, तिथे एकाच्या घरातून दुसऱ्याच्या घरात फिरत राहतो. नवं प्लॅस्टिक नको एवढंच असेल तर माझा विरोध नाही. विकतचं ते वाईट आणि घरचं ते चांगलं, या सरसकट बोलण्याला आहे. तो सूर नोकरी करणाऱ्या आयांना उगाच अपराधी वाटायला लावतो. माझ्या बायकोला वाटतं, म्हणून बोललो.

तिसरीघंटा

खर्चाच्या वादात एक गोष्ट राहते आहे, ती मी जरा जोरात सांगते. कापसासारखं ताणून लावायचं ते कोळ्याचं जाळं, वाळलेली मक्याची कणसं, खळीचं कापड, क्रेप पेपर हे सगळं भराभर पेटतं. याच दिवसांत आपण पणत्या आणि समया लावतो. हॉलमध्ये एका बाजूला जाळं आणि दुसऱ्या बाजूला उघडी ज्योत, हे नको. सजावट असेपर्यंत तिथे बॅटरीचेच दिवे. पणती देवापाशी, सजावटीपासून दूर, आणि माणूस समोर असतानाच.

आता बॅटरीचे दिवेही तपासून घ्या. स्वस्त टी-लाइटमध्ये बहुधा बटणासारखा चपटा सेल असतो. बाळाने गिळला तर अन्ननलिकेला दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. २०२२ मध्ये अमेरिकेत यासाठी रीझ लॉ हा कायदा झाला, त्यामुळे नव्या वस्तूंत सेलचं झाकण मुलांना सहज उघडता येणार नाही असं असावं लागतं. जुन्या माळा आणि 'बाय नथिंग'मधून आलेले दिवे त्याआधीचे असू शकतात. खालचं झाकण नखाने उघडतंय का बघा. उघडलं तर दिवा उंचावर, किंवा सरळ बाद. त्या बाबतीत दोन डॉलर वाचवू नका.

जाळं बाहेर झुडपांवर लावू नका, पक्षी अडकतात.

घारगे

भोपळ्याबद्दल कुणीच लिहिलं नाही! माझं मत केशरीकाठ आणि दोनपाळ्या दोघांच्या विरोधात आहे: हॉलची सगळी सजावट भोपळ्यांनी करा आणि मग खा.

कोरलेला भोपळा गरम हॉलमध्ये चार-पाच दिवसांत बुरशी धरतो, पाणी सोडतो, टेबल खराब होतं. अख्खा भोपळा आठवडेच्या आठवडे टिकतो. म्हणून कोरू नका. काळ्या टेपचे तुकडे कापून त्यावर चेहरा चिकटवा. रंग लावला तर खाता येत नाही, टेप सोलून निघते. घेताना मोठा कोरायचा भोपळा घेऊ नका, तो पाणचट आणि तंतूंचा असतो. लहान, गोल, 'पाय पम्पकिन' (pie pumpkin) म्हणून मिळतो तो घ्या. त्याचा गर घट्ट आणि गोड. किसून, गुळात शिजवून, वेलची घालून, मावेल तेवढी कणीक घालून घारगे करा. बिया धुवून मीठ-तिखट लावून ओव्हनमध्ये भाजा. सजावट म्हणून घेतलेले पैसे ताटात परत येतात, टाकायला काही उरत नाही.

एक भोपळा निळसर-हिरवा रंगवून दाराशी ठेवा. त्याचा इथे अर्थ असा की या घरी चॉकलेटाऐवजी खेळणी, स्टिकरही मिळतात. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांच्या आयांना तो दिसला की हायसं वाटतं. हा मात्र खायचा नाही.

ओसरी

घारगे, तुमची सजावट मला चालेल. देव्हाऱ्यासमोरही चालेल. बाकी माझं मत तेच आहे, हॉलमध्ये भूत नको. सून म्हणते आहे की यंदा मुलांसाठी खळीचं करूया, तर मी खळ शिजवून देईन. ठेवायचं मात्र बाहेर व्हरांड्यात.

नवखी_ओहायो

कॉर्नस्टार्च घरात नाही. मैद्याची खळ चालेल का?

केशरीकाठ

चालेल, पण पिवळट दिसते आणि जाडसर बसते. वाळायलाही जास्त वेळ घेते, पंखा लावून ठेवा. तळघरात ठेवणार असाल तर करूच नका, ओल धरून बुरशी येते. आणि ओसरीताई, व्हरांड्यात पावसाचं पाणी उडत असेल तर खळ विरघळून भूत खाली बसेल, त्याला छपराच्या आतल्या बाजूला ठेवा.