अनुभव धागा : वणव्याची खबर तुमच्या वस्तीत शेवटच्या घरापर्यंत कशी पोचली?

गवत वाळून पिवळं पडलं की रानालगत राहणाऱ्यांची नजर आपोआप डोंगराकडे जायला लागते. पालापाचोळा झाडणं, पाण्याची टाकी भरून ठेवणं याबद्दल आपण बोलतो, बोलायलाच हवं. पण इथे मला मुख्यतः खबरीबद्दल ऐकायचं आहे. आग पहिल्यांदा कोणाला दिसली, त्यांनी कोणाला कळवलं, आणि निरोप अडला असेल तर नेमका कुठे अडला?

ऑगस्ट २०२३ मध्ये हवाई बेटांवरच्या लाहैना गावात वणवा शिरला आणि १०० हून अधिक माणसं गेली. तिथे धोक्याचे भोंगे होते, पण ते वाजवलेच गेले नाहीत. हे वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. म्हणून स्वतः पाहिलेलं लिहा, ऐकीव नको. गावाचं नाव नाही लिहिलं तरी चालेल.

उतारावरचं घर

आमची वस्ती डोंगराच्या वरच्या अंगाला. आग चढावर धावते हे सगळ्यांना माहीत असतं, पण किती धावते याचा अंदाज नसतो. साधारण हिशेब असा, की उतार १० अंशांनी वाढला की आगीचा वेग दुपटीच्या आसपास जातो. ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून, वाळवून ठेवतात, त्यामुळे ते लगेच पेट घेतं. म्हणजे खालच्या लोकांना मिळतो तेवढा वेळ आम्हाला मिळत नाही.

त्या दुपारी ग्रुपवर पहिला मेसेज आला, ‘आग लागली आहे, सावध राहा’. कुठे, कधी, काही नाही. पाठोपाठ कोणीतरी ज्वाळांचा फोटो टाकला, तो निघाला जुना, कुठून तरी पुढे ढकललेला. निम्मी माणसं समजली की आग डोंगरापलीकडे आहे. खालच्या घरातल्या आजींनी मात्र सरळ फोन केला : “ओढ्याच्या अलीकडे आहे, तुमच्या खाली. वारा तुमच्याकडे येतोय. निघा.” मला विचाराल तर त्या दिवसाची खरी बातमी तेवढीच. बाकी सगळा गोंगाट होता.

आता आमच्याकडे ठरलेलं आहे. मेसेजमध्ये वेळ, जागा, वाऱ्याची दिशा आणि स्वतः पाहिलं की ऐकलं, एवढं हवंच. फोटो स्वतः काढलेलाच टाकायचा. आणि धोक्याच्या खबरीचा ग्रुप वेगळा ठेवला आहे. तिथे शुभेच्छा नाहीत, चर्चाही नाही.

रानवाट

यात एक जोडते. ग्रुपवर लिहिण्याआधी अग्निशमन दलाला फोन. ‘कोणीतरी केलाच असेल’ असं प्रत्येकाला वाटतं आणि कोणीच करत नाही. दहा जणांनी केला तरी बिघडत नाही.

गोठ्याकडून

आमच्याकडे गुरं आहेत, त्यामुळे ‘बघू, जवळ आली तर निघू’ हे आम्हाला परवडत नाही. धूर आला की जनावर बिथरतं, गाडीत चढत नाही. पहिल्या पक्क्या खबरीलाच त्यांना हलवायला घेतो. नायलॉनचं दावं गळ्यात ठेवत नाही, ते वितळून कातडीला चिकटतं. वेळच उरला नाही तर दावी सोडून मोकळ्या, चरून साफ झालेल्या रानात हाकलायचं. बांधून कधीच ठेवायचं नाही.

माणसांबद्दलही लिहिते, कारण तिथे खबर पोचून पुरत नाही. आमच्या वस्तीत एक काका अंथरुणाला खिळलेले आहेत. त्यांना फोन लागला तरी ते निघणार कसे? म्हणून कोणाला चालता येत नाही, कोणाकडे गाडी आहे, याची यादी घरोघरी भिंतीवर लावली आहे. अशा प्रत्येक माणसामागे दोन घरं नेमली. एक घर नेमकं त्याच दिवशी बाहेरगावी असू शकतं.

जाळरेषेवरचा

मी आग विझवायला जाणाऱ्या स्वयंसेवकांपैकी. एका खबरीला मी फार घाबरतो : ‘आग पलीकडून निघून गेली.’ वणवा वाऱ्याबरोबर लांबट पसरतो, त्याचं तोंड अरुंद असतं आणि कुशी लांबलचक. वारा आडवा फिरला की ती अख्खी कूसच तोंड होते. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ ला हेच झालं. संध्याकाळी वारा फिरला आणि आगीची लांब बाजू नव्या गावांवर चालून गेली. त्या वणव्यांत १७३ माणसं मेली. त्यामुळे वाऱ्याचा अंदाज ही बातमीच आहे, आगीइतकीच महत्त्वाची.

दुसरं, घरं बहुतेकदा ज्वाळांनी नाही, ठिणग्यांनी पेटतात. त्या आगीच्या कितीतरी पुढे उडत येतात आणि पन्हळीतल्या पाचोळ्यात, भिंतीला टेकून रचलेल्या सरपणात पडतात. भिंतीपासून निदान दीड मीटर जळेल असं काही ठेवू नका. निघताना अंगात सुती कपडे, पायात बूट. ओल्या रुमालाने धुरातले बारीक कण अडत नाहीत, एन-९५ मास्क घरात असू द्या.

आणि ‘विझली’ हा निरोप जो आगीच्या कडेने पूर्ण फिरून आलाय त्यानेच द्यावा. बुंध्यात, मुळांत विस्तव दिवसेंदिवस धुमसत राहतो.

धागाकर्ती

सगळ्यांचं मनापासून वाचते आहे. एक विचारायचं राहिलं. वीज गेली, टॉवर बंद पडला, तर काय करता?

उतारावरचं घर

शिट्ट्या. प्रत्येक घरात दाराशी टांगलेली आहे. तीन लांब शिट्ट्या ऐकल्या की आपणही वाजवायच्या, म्हणजे पुढच्या घराला कळतं. शेवटच्या घराने उलट दोन वाजवायच्या आणि त्या तशाच खाली यायला हव्यात. त्या आल्या नाहीत तर खबर पोचली असं धरत नाही, पुन्हा तीन सुरू करतो. आग नसताना सराव केला तेव्हा कळलं, की वळणाच्या मागच्या घराला ऐकूच जात नाही. तिथे आता लोखंडी तुकडा टांगून घंटा केली आहे.