मदत हवी आहे : वाचनालयाच्या पत्त्यांची नवीन संगणकावर प्रश्नचिन्हं झाली

मलप्रभाकाठ

नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, एका खेड्यात आमचं छोटं मराठी वाचनालय आहे. दर हिवाळ्यात एक दिवसाचं साहित्य संमेलन भरवतो. कडोली, येळ्ळूर, उचगावच्या संमेलनांची सर त्याला नाही, पण मांडव भरतो आणि बाहेरून माणसं येतात. त्यांना बोलावण्याची सगळी भिस्त आमच्या ईमेलच्या पत्तेवहीवर आहे, आणि तीच आता अडचणीत आलीय.

संगणक जुना, विंडोज ७ चा. त्यावर थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्रॅम आहे. त्यातलं ॲड्रेस बुक आमच्या आधीच्या चिटणीसांनी, म्हणजे गुरुजींनी, एकेक नाव टंकून भरलेलं. वक्ते, देणगीदार, कोल्हापूर-पुण्याला गेलेले गावकरी, चंदगड-गडहिंग्लजला दिलेल्या लेकी असे पाच गट. नावं मराठीत, काही कानडीत, कारण आम्हाला मदत करणाऱ्यांत कानडी शिक्षकही आहेत. शेऱ्याच्या रकान्यात गुरुजींनी बारीकसारीक लिहून ठेवलंय : कुणाला सकाळी फोन करावा, कुणाला एसटीची वेळ कळवावी लागते. गुरुजी गेल्या वर्षी गेले. ही माहिती दुसरीकडे कुठेही नाही.

यंदाच्या पावसात संगणकाने मान टाकायला सुरुवात केली. अर्धा तास चालतो आणि बंद पडतो. एका देणगीदाराने विंडोज ११ चा नवीन संगणक दिला. त्यावर थंडरबर्ड घालून खातं जोडलं, तर जुनी पत्रं आपोआप आली, पण पत्तेवही रिकामी! एका ओळखीच्या दुकानदाराने फोनवर सांगितलं तसं जुन्या संगणकावरून सीएसव्ही (साध्या तक्त्याची) फाईल काढली, एक्सेलमध्ये उघडून रकाने रुंद केले, सेव्ह केली आणि नवीनवर घेतली. आता मराठी-कानडी नावांच्या जागी नुसती ???? दिसतात. बेळगावच्या फोन कोडमधलं, ०८३१ मधलं, शून्य गेलं. काही मोबाईल नंबर ९.१९ई+११ असे झालेत. गट तर एकही आला नाही. आणि नीट आठवणारी कित्येक माणसं यादीतच नाहीत.

नोव्हेंबर संपायच्या आत निमंत्रणं जायला हवीत. ती प्रश्नचिन्हं परत अक्षरं होतील का?

निपाणीकर

ताई, घाबरू नकासा. जुन्या संगणकात वही अजून हाय न्हवं? मग काय गेलेलं नाही. नवीनवर जे आलंय त्याला हात लावू नका आणि ती एक्सेलची फाईल परत उघडू नका. जुना संगणक लहान पोरांच्या हाती देऊ नका, एवढंच सांगालोय. बाकी जाणकार सांगतील.

कोरेगाव_पार्क_९

मी तर म्हणेन सगळं गूगल कॉन्टॅक्ट्सवर टाका आणि मोकळे व्हा. प्रश्नचिन्हं दुरुस्त करून देणारी सॉफ्टवेअरही मिळतात.

टिळकवाडीकर

वरच्या प्रतिसादातलं दुसरं वाक्य चुकीचं आहे. त्या नादाने ताईंचे पैसे जाऊ नयेत म्हणून आधी तेवढं स्पष्ट करतो.

मराठी नाव बिघडलेलं दिसतं ते दोन तऱ्हेने. एकात अक्षरांच्या जागी परदेशी मात्रा लावलेली रोमन अक्षरं आणि चिन्हं यांची रांग दिसते. तिथे अक्षरं शाबूत असतात, वाचणारा प्रोग्रॅम चुकीच्या अक्षरसंचाने वाचत असतो. योग्य संच निवडला की नाव परत दिसतं. दुसऱ्यात निव्वळ प्रश्नचिन्हं येतात. तिथे फाईल लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला ते अक्षर लिहिताच आलं नाही, म्हणून त्याने सरसकट एकच खूण टाकली. 'म' ला प्रश्नचिन्ह आणि 'ಕ' लाही तेच प्रश्नचिन्ह. त्यातून मूळ अक्षर कोणतं सॉफ्टवेअर कशावरून ओळखणार? ती फाईल गेली असंच समजा.

ताई, मला वाटतं तुमच्याकडे दोन वेगळे घोटाळे झालेत. सीएसव्ही काढताना प्रकार निवडायला यादी येते. तिच्यात सिस्टिम कॅरेक्टर सेट (विंडोजचा आपला अक्षरसंच) आणि यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या मावतात तो) असे दोन सीएसव्ही असतात. तुम्ही बहुतेक पहिला घेतला. विंडोजचा तो संच इंग्रजी असेल तर त्यात देवनागरीही नाही आणि कानडीही नाही. नावं तिथेच गेली, एक्सेलच्या आधीच. शून्य आणि ई+११ मात्र एक्सेलची करणी. एक्सेल फोन नंबरला रक्कम समजतो, पुढचं शून्य काढतो, बारा आकडे दिसले की आखडून दाखवतो. आणि सीएसव्ही सेव्ह करताना जे पडद्यावर दिसतं तेच लिहितो, म्हणजे मधले आकडे कायमचे गेले.

मला तीन गोष्टी सांगा. जुन्या संगणकावर, थंडरबर्डमध्ये, नावं अजून नीट दिसतात का? आवृत्ती कोणती? आणि ॲड्रेस बुकच्या खिडकीत डाव्या बाजूला किती वह्या दिसतात?

मलप्रभाकाठ

आज सकाळी पाहिलं. नावं नीट दिसतात! बघून किती हलकं वाटलं सांगू. आवृत्ती ५२. डावीकडे दोन वह्या : पर्सनल ॲड्रेस बुक आणि कलेक्टेड ॲड्रेसेस. पहिलीत ६१२ नावं, दुसरीत १८७. गट पहिलीच्या खाली आहेत. मी एक्सपोर्ट करताना पहिल्या वहीवर उभी होते.

गूगलबद्दल : समितीत विचारलं. देणगीदारांचे घरचे पत्ते आहेत, त्यांना न विचारता दुसरीकडे चढवू नयेत असं सगळ्यांचं मत पडलं. मलाही ते पटतं.

टिळकवाडीकर

मग हरवलेली माणसं सापडली. तुम्ही कुणाला पत्र पाठवलं की थंडरबर्ड त्याचा पत्ता आपणहून कलेक्टेडमध्ये टाकतो. नाव टंकायला लागलं की पत्ता पुढे येतो, म्हणून माणसाला वाटतं तो आपल्या मुख्य वहीत आहे. एक्सपोर्ट फक्त निवडलेल्या वहीचा होतो. दुसरी वही तुम्ही काढलीच नाही.

पत्रं आली आणि पत्ते आले नाहीत, त्याचंही कारण सांगून टाकतो. तुमचं खातं आयमॅपवर आहे. पत्रं सर्व्हरवर राहतात, नवीन संगणक तिथून उचलतो. गुरुजींनी भरलेली वही कधी सर्व्हरवर गेलीच नाही, ती त्या एका हार्डडिस्कवर आहे.

५२ ही २०१७ सालची आवृत्ती. तेव्हा पत्ते डॉट मॅब नावाच्या फाईलींत राहायचे : मुख्य वहीची एबुक डॉट मॅब, कलेक्टेडची हिस्टरी डॉट मॅब. नंतरच्या आवृत्त्यांत तीच नावं राहिली, शेवट डॉट एसक्यूलाइट झाला.

तुमचा संगणक अर्धा तासच चालतो, म्हणून क्रम महत्त्वाचा. एक्सपोर्टच्या मागे लागण्याआधी मूळ फाईली वाचवा. थंडरबर्डमध्ये हेल्प, मग ट्रबलशूटिंग इन्फॉर्मेशन. तिथे प्रोफाइल फोल्डरच्या, म्हणजे थंडरबर्ड सगळं साठवतो त्याच्या, शेजारी बटण आहे, दाबलं की फोल्डर उघडेल. आता थंडरबर्ड पूर्ण बंद करा, फोल्डर उघडाच ठेवा. ज्यांच्या शेवटी मॅब आहे त्या सगळ्या फाईली पेनड्राइव्हवर घ्या. लहान असतात, क्षणात होतात. फोटो लावले असतील तर फोटोज नावाचा फोल्डरही घ्या. अख्खं प्रोफाइल नंतर सवडीने. त्यात पत्रांच्या प्रती असतात, ते जड असतं, आणि नेमकं मध्येच संगणक बंद पडला तर कॉपी अर्धवट राहील.

निपाणीकर

आणि पेनड्राइव्ह दोन घ्या की ओ. आमच्या सोसायटीच्या हिशेबाला एकच होता, ऐनवेळी उघडलाच नाही. मार्चअखेरीला काय हाल झाले ते आम्हालाच ठाऊक.

मलप्रभाकाठ

केलं. दोन पेनड्राइव्ह. फाईली तीन निघाल्या : एबुक, एबुक-१ आणि हिस्टरी. ती एबुक-१ कशाची? डावीकडे तर दोनच वह्या आहेत.

टिळकवाडीकर

कधीतरी वेगळी वही केली असेल किंवा आयात केली असेल, नंतर यादीतून काढली असेल. फाईल मागे राहिली. असू दे, टाकू नका, पुढे बघू.

आता एक्सपोर्ट. ॲड्रेस बुकच्या खिडकीत पर्सनल निवडा, टूल्स, एक्सपोर्ट, आणि प्रकार एलडीआयएफ. सीएसव्ही या वेळी नकोच. सीएसव्ही म्हणजे एक सपाट तक्ता, एका ओळीत एक माणूस. गट म्हणजे माणसांची यादी, ती त्या तक्त्यात बसत नाही. एलडीआयएफमध्ये गटाची वेगळी नोंद होते आणि तिच्यात सभासदांची नावं येतात. मग कलेक्टेड निवडून तेच पुन्हा. नावात तारीख घाला.

एक धोक्याची सूचना. उत्सुकतेने ती फाईल नोटपॅडमध्ये उघडलीत तर मराठी नावं दिसणार नाहीत. त्या जागी दोन विसर्गांसारख्या खुणा आणि पुढे अगम्य रोमन अक्षरं दिसतील. ती बिघडलेली नाहीत. एलडीआयएफ साध्या इंग्रजी अक्षरांपलीकडचं सगळं बेस-६४ नावाच्या पद्धतीने बांधून ठेवतो. देवनागरी नावाची बांधणी बहुतेक वेळा चार-के-एस (4KS) ने सुरू होते, कानडीची चार-एल-के (4LK) ने. ते दिसलं तर नाव आत सुखरूप आहे. प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र मला सांगा. बघून झालं की सेव्ह न करता बंद करा.

मलप्रभाकाठ

बघितलं! चार-के-एस च्या रांगाच रांगा, मध्ये मध्ये चार-एल-के. वाचता येत नसूनही कोण मराठी आणि कोण कानडी ते ओळखता आलं. प्रश्नचिन्ह एकही नाही.

पण तीस-चाळीस नावं वेगळीच आहेत, सरळ रोमन अक्षरांचा गोंधळ. जुन्या संगणकावरही ती तशीच दिसतात.

अथणीचा_लेखक

ती जुन्या फॉन्टची असणार. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांचा एकच संच, रुळण्याआधी पत्रं श्रीलिपी किंवा तशा फॉन्टमध्ये टंकली जायची, कानडीवाले नुडी, बरहा वापरायचे. त्या पत्रातलं नाव उचलून पत्तेवहीत चिकटवलं की फॉन्ट मागे राहतो आणि खालची रोमन अक्षरं उघडी पडतात. मला जुन्या हस्तलिखितांसाठी हे रोज करावं लागतं. फॉन्टचं नाव कळलं तर परिवर्तक वापरता येतो, पण तीस-चाळीसच असतील तर हाताने टंकणं लवकर होईल. ईमेल पत्त्यावरून माणूस कळतोच.

मलप्रभाकाठ

त्यांतली बरीच मला तोंडपाठ आहेत, टंकते. आता नवीन संगणकावर काय करू?

टिळकवाडीकर

आधी नवीनवरची ती बिघडलेली वही काढून टाका, नाहीतर प्रत्येक माणूस दोनदा येईल. थंडरबर्ड दुहेरी नावं स्वतःहून एकत्र करत नाही, म्हणून आयातही एकदाच करा. मग टूल्स, इम्पोर्ट, ॲड्रेस बुक, एलडीआयएफ. विचारलं तर नवीन वहीत घ्या, थेट पर्सनलमध्ये ओतू नका. काही चुकलं तर ती एक वही काढून पुन्हा सुरुवात करता येते.

आल्यावर आकडा जुळवा, आणि आकड्यावर थांबू नका. प्रत्येक गट उघडून बघा, पाच-दहा नोंदींचे शेरे वाचा, एखादं कानडी नाव शोधा. जमलं नाही तर मॅब फाईली आहेतच, इम्पोर्टच्या यादीत मॉर्क या नावाने मॅबचाही पर्याय असतो. एबुक-१ त्यानेच उघडून बघा.

जुनं प्रोफाइल अख्खं नवीनवर डकवू नका. पत्रं आधीच आलीत, गरज नाही. फोटो एलडीआयएफबरोबर येत नाहीत, ते पुन्हा लावावे लागतील.

मलप्रभाकाठ

काल रात्री लाईट गेली होती, म्हणून आज लिहिते.

सगळं आलं. ६१२ आणि १८७. पाचही गट आले. शेरे आले. ०८३१ चं शून्य, ०८३३६ चं शून्य, सगळं जागेवर. बेळगाव आणि बेळगावी अशी एकाच गावाची दोन नावं आहेत, कारण २०१४ च्या नोव्हेंबरात सरकारी नाव बदलल्यावर काही पत्ते गुरुजींनी नव्याने लिहिले, काही तसेच ठेवले. मीही तसेच ठेवणार, शोधताना दोन्ही टंकेन.

एबुक-१ मॉर्कने उघडली. त्यात ७४ नावं निघाली, आमच्या पहिल्या संमेलनाची यादी. निम्मी माणसं आता हयात नाहीत. त्यातल्या जांबोटीच्या एका बाईंच्या नोंदीपुढे गुरुजींनी लिहिलंय, "कविता चांगली वाचतात, पण बोलवल्याशिवाय येणार नाहीत." त्या आहेत अजून. मुख्य वहीत त्यांचं नाव नव्हतं, म्हणजे इतकी वर्षं आम्ही त्यांना बोलावलंच नाही. परवा जाऊन येते.

टिळकवाडीकर दादा, निपाणीकर दादा, तुम्ही सगळ्यांनी वेळ दिलात. संमेलनाला नक्की या.

निपाणीकर

येतो की ताई! पण एक सांगा, आठशे लोकांना एकाच दिवशी धाडणार काय?

टिळकवाडीकर

बरं विचारलंत. खातं जीमेलचं साधं असेल तर दिवसाला ५०० जणांपर्यंतच मर्यादा आहे. ती ओलांडली की पाठवणं काही काळ बंद पडतं. गटवार दोन-तीन दिवसांत पाठवा. आणि पत्ते बीसीसीच्या रकान्यात घाला, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसणार नाही. समितीला हवं होतं तेही जपलं जाईल.

आणखी एक. टंकलेली चाळीस नावं धरून नवीन वहीचा एलडीआयएफ पुन्हा काढा, दोन्ही पेनड्राइव्हवर टाका. एक वाचनालयात, एक कुणाच्या तरी घरी.

मलप्रभाकाठ

एक कपाटात ठेवला, दुसरा गुरुजींच्या मुलीकडे दिला. उद्या देणगीदारांना पाठवते, परवा वक्त्यांना. जांबोटीला हातानेच पत्रिका देणार आहे.