तंटे मिटवणाऱ्या जाणत्या माणसांना सरकारने मानधन द्यावं का?

चावडीवरचा
2024 च्या सप्टेंबरात सरपंच-उपसरपंचांचं मानधन दुप्पट झालं. दोन हजारांपर्यंत वस्तीच्या गावच्या सरपंचाला आता महिना 6,000 रुपये, आठ हजारांवरच्या गावाला 10,000. त्याच वर्षी मार्चमध्ये पोलीस पाटलांचं 6,500 वरून 15,000 करायचं ठरलं. चांगलंच झालं, पोटात दुखायचं कारण नाही.

पण बांधावरून भाऊ-भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे राहतात तेव्हा हाक कुणाला जाते? आमच्याकडे पंच्याहत्तरी ओलांडलेले एक नाना आहेत. कसलंच पद नाही. काठी टेकत बांधावर जातात आणि कालवा यायच्या आधी हद्दीचा दगड कुठे पुरला होता ते पायाने माती उकरून दाखवतात. रीतसर मोजणीला अर्ज, फी, नोटिसा आणि महिनोन्‌महिने थांबणं. नानांना एक दुपार पुरते. मग कुणाचा दाखला अडला, कुणाचं पोर कचेरीत दबकतं, की नाना त्याच्याबरोबर तालुक्याला. एसटी पंच्याहत्तरीनंतर फुकट झाली म्हणून तेवढं तरी सुटलं, बाकी खर्च पदरचा.

माझं म्हणणं, ग्रामसभेने अशी दोन-तीन माणसं निवडावीत, ओळखपत्र द्यावं आणि सरकारने महिना काहीतरी ठरावीक रक्कम द्यावी. तुम्हाला काय वाटतं?

हिशेबनीस
ग्रामसभा निवडणार म्हणजे सरपंचाचा गट निवडणार. तंटामुक्त गाव मोहीम आठवा. 2007 च्या 15 ऑगस्टला सुरू झाली, गृहमंत्री आर. आर. आबांच्या काळात. पहिली काही वर्षं खरंच काम झालं. बक्षिसाची रक्कम गावाला मिळायची, गावच्या तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षाला नाही. तरीही पुढे अध्यक्षाच्या निवडीवरून डोकी फुटल्याच्या बातम्या आपण वाचल्याच. नुसत्या मानासाठी ही गत, तर दरमहा पैसे म्हटल्यावर काय होईल?

पोपट
आधी ज्यांचं मंजूर आहे त्यांचं वेळेवर द्या म्हणावं. आमच्या पाहुण्यांत एक पोलीस पाटील आहेत. वाढीचे पेढे वाटून झाले, पैसे तीन महिन्यांनी आले.

रानवाट
"गावची सेवा फुकटच असायची" हा समज मात्र डोक्यातून काढा. पाटलाला वतन होतं, इनाम जमीन होती. सुतार-लोहाराला बलुतं होतं. कुणीही हवेवर जगत नव्हतं. वंशपरंपरेची पाटीलकी कायद्याने गेली, 1967 च्या ग्रामपोलीस कायद्याने नेमलेला पोलीस पाटील आला. ते योग्यच झालं. आता प्रांताधिकारी नेमणूक करतात, परीक्षा असते. पण त्याची साठी झाली की काम संपलं. ज्या वयात माणसाचा शब्द गाव मानायला लागतं, नेमक्या त्याच वयात सरकार त्याला घरी बसवतं. ही मोकळी राहिलेली जागा नानांसारखे भरतात. मग त्यांनी फुकट का भरावी?

उंबरठा
माझा विरोध आहे आणि तो पैशाला नाही.

जाणती माणसं म्हणजे कोण, ते जरा डोळ्यांसमोर आणा. पारावर बसलेले सात-आठ पुरुष, बहुतेक एकाच भावकीचे. जिचं प्रकरण ती बाई देवळाच्या भिंतीआड उभी, आणि तिच्या वतीने बोलणार तिचा भाऊ. माझ्या नात्यातल्या एका मुलीला नवरा मारायचा. तीन वेळा "मिटवलं". दर वेळी नवऱ्याने सगळ्यांसमोर कान धरले, तिला साडी-चोळी झाली आणि दर वेळी तिलाच परत पाठवली. मिटवणारे वाईट नव्हते हो. गावाची अब्रू राखली असंच त्यांना वाटत होतं. उद्या त्यांच्या गळ्यात सरकारी ओळखपत्र असेल, तर ती मुलगी ठाण्याची पायरी कोणत्या तोंडाने चढणार?

जातपंचायतींनी लोक वाळीत टाकले म्हणून याच राज्याला 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. लहान लेकरावरच्या अत्याचाराची माहिती असून पोलिसांना न कळवणं पोक्सोखाली गुन्हा आहे, तरी असली प्रकरणं ओसरीवर दाबली जातात. आणि तुम्ही ओसरीला शिक्का देताय.

द्यायचेच असतील तर दुसरं एक नाव सांगते. आमच्या गावात बाई गेली की तिला शेवटची आंघोळ घालायला एकच आजी जाते. रात्र असो, साथ असो. ग्रामसभेत तिचं नाव कधी निघालेलं ऐकलं नाही.

चावडीवरचा
उंबरठाताई, मारहाण-अत्याचार पारावर येऊच नयेत, दुमत नाही. मग तसं लिहूनच काढू. बांध, पाणंद, पाण्याची पाळी, घरातली वाटणी, एवढंच त्यांच्याकडे. बाकी सरळ ठाण्यात. निवडीत निम्म्या बाया, आणि ती आजी पहिली. नोंदवही ठेवायची, म्हणजे कुणी काय मिटवलं ते दिसेल.

हिशेबनीस
नोंदवही आली की तपासणी आली, माहिती अधिकार आला. नाना वही लिहिणार की बांधावर जाणार?

आणि महिन्याला बांधलेल्या पैशाचं पुढे काय होतं ते आशाताईंना विचारा. 2005 च्या आरोग्य अभियानातून आल्या, नाव स्वयंसेविका. कामं नोकरीची, पैसे मानधनाचे, आणि वाढीसाठी दर थोड्या दिवसांनी रस्त्यावर. नानांना दोन हजार सुरू करा, उद्या प्रत्येक सर्वेक्षण नि मतदार यादी त्यांच्याच माथी. "मानधन घेता ना?" हे वाक्य ग्रामसेवकाच्या तोंडी मला आत्ताच ऐकू येतंय.

त्यापेक्षा झालेला खर्च भरून द्या. येणं-जाणं, फोन, आजारपणात दवाखाना. पगार नको.

लिंबाखाली
माझे वडील हेच काम करतात, म्हणून राहवलं नाही. काल हा धागा त्यांना वाचून दाखवला. मधेच चष्मा काढून म्हणाले, "पगारी माणसाचं कोण ऐकतं रे? आज मी कुणाचा नाही म्हणून दोघंही ऐकतात. सरकारचा झालो की पहिला प्रश्न, तुला कुणी नेमलं?" मला पटलं.

आतून आई म्हणाली, "ह्यांचं बरोबर आहे. ह्यांना काय लागतं?" भांडण आमच्या ओसरीवर येतं तेव्हा दोन्हीकडची मिळून दहा-बारा माणसं असतात. दोन वेळा चहा होतो, लांबलं तर पिठलं-भाकरी. किराण्याची वही आईच्या नावावर आहे. वडिलांना साखरेचा भाव विचारा, सांगता येणार नाही.

रानवाट
हे बाकी खरं. फुकट सेवेचं बिल नेहमी घरातलीच कुणीतरी भरते.

उंबरठा
मग त्या वहीचे पैसे द्या, आईंच्या नावाने. माझी सही पहिली.

हिशेबनीस
कोणत्या लेखाशीर्षाखाली?

चावडीवरचा
ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून, सत्कार-पाहुणचाराचा खर्च म्हणून. मंत्र्यांच्या हाराला चालतं ना ते?

हिशेबनीस
चालतं, पण लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. ठराव नीट लिहून आणा, खर्चाची वर्षाची मर्यादा घाला, पावत्या जोडा. मसुदा इथे टाका, मी बघून देतो. पगाराला मात्र माझा विरोध कायम.