चिकाटी, जिद्द की हेका? दाखल्यावर नेमकं काय लिहावं?

डिचोली, फिटर ट्रेडचे निदेशक

प्रशिक्षण संपताना मुलांना आम्ही जो दाखला देतो, त्यात 'स्वभाव' आणि 'कामातील चिकाटी' असे दोन रकाने आहेत. पहिल्यात सगळेच 'शांत व मनमिळाऊ' असतात आणि दुसऱ्यात सगळ्यांची चिकाटी 'चांगली' असते. गोव्यातल्या वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या कारखान्यात हा कागद वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. मुलं मात्र वेगवेगळी असतात आणि ते वेगळेपण कानस चालवायला लागल्यापासून दिसतं.

पोलादाचा तुकडा सपाट घासायला दिला की तीन तऱ्हा दिसतात. पहिला मुलगा जोर लावतो. कानशीचा फेरा सुरू होताना भार टोकाकडच्या हातावर हवा, मध्ये दोन्ही हातांवर सारखा आणि शेवटी मुठीकडच्या हातावर. याचा भार सगळीकडे सारखाच पडतो, त्यामुळे कानस डुलते, कडा खाली जातात आणि मधला भाग फुगलेला राहतो. फुगवटा दिसला की तो आणखी जोर लावतो. दुसरा आठ-दहा फेरे मारून थांबतो, कानशीच्या दातांत अडकलेला कीस ब्रशने काढतो, दातांवर खडू फिरवतो, पट्टी उभी धरून खालून उजेड कुठे दिसतो ते बघतो आणि तेवढ्याच जागी पुन्हा घासतो. तिसरा जागचा हलत नाही, चहालाही उठत नाही, पण माप निघून गेलं तरी घासतच राहतो.

तिघांनाही 'चिकाटी चांगली' म्हणायचं का? जिद्दी, चिवट, हट्टी, सातत्य असलेला, असे बरेच शब्द जवळ आहेत. नेमका फरक सांगाल का?

फोंडा, मराठीच्या शिक्षिका

सर, अर्थाआधी वाक्यरचना बघू या, फरक तिथे चटकन सापडतो. 'अभियंता व्हायची जिद्द' हे मराठी आहे. 'अभियंता व्हायची चिकाटी' कानाला खटकतं. जिद्दीला पुढे एक मुक्काम लागतो: काय करायचं, काय मिळवायचं. चिकाटीला मुक्काम लागत नाही, हातात चाललेलं काम लागतं. म्हणून 'जिद्दीने जिंकला' आणि 'चिकाटीने शोधत राहिला'. 'चिकाटीने जिंकला' म्हटलं तरी मनात येतो तो जिंकण्याचा क्षण नाही, आधीचे महिने येतात.

क्रियापदंही निराळी. जिद्द धरतात, जिद्दीला पेटतात. चिकाटीला कोणी पेटत नाही, ती अंगी असते, ती ठेवतात किंवा सोडतात. हट्ट धरतात, करतात आणि दुसऱ्याकडून पुरवूनही घेतात, म्हणजे हट्टाला समोर कोणीतरी लागतोच. नेट लावतात, पण थोड्या वेळापुरता. गाडी चिखलातून काढताना नेट लागतो, वर्षभर कोणी नेट लावून बसत नाही. चंग बांधतात, तोही सुरुवातीलाच.

जिद्द हा शब्द अरबीतून आला आणि तिकडे त्याचा मूळ अर्थ 'विरुद्ध' असा. हिंदीत 'ज़िद' अजून हट्टाच्याच जवळ आहे. मराठीने त्याला वर उचललं, मात्र विरोधाची धार त्यात राहिली. परिस्थिती अडवत असेल तेव्हा जिद्द शोभते. सगळं सुरळीत असताना तोच शब्द दाखल्यावर दिसला तर मालकाला वाटतं, हा आपलंच खरं करणारा असावा. तुमच्या पहिल्या मुलाकडे जिद्द आहे. ती खोटी नाही, पण कानशीला तिचा उपयोग कमी.

या दोन शब्दांतलं अंतर एका आयुष्यात बघायचं तर धर्मानंद कोसंबी बघा. जन्म 1876, गाव साखवाळ. बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचाच म्हणून 1899 मध्ये घर सोडलं आणि पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ करत सिलोन गाठलं. ही जिद्द. पुढे 1910 ते 1932 या काळात अनेकदा हार्वर्डला जाऊन त्यांनी पालीतल्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनाचं काम केलं. एकेक पाठ जुळवायचा, शंका आली की पुन्हा मागे जायचं. ती आवृत्ती छापून आली 1950 मध्ये. ते 1947 मध्येच गेले होते. या दुसऱ्या भागाला 'जिद्द' हा शब्द पुरत नाही.

चोडण, खाजनशेतीतले

बाईंनी व्याकरण सांगितलं, मी चिखलाकडून येतो. चीक, चिकट, चिकण माती आणि चिकाटी हे सगळं एका घरातलं. आमच्याकडे तो अर्थ अजून हाताला लागतो.

खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून राखलेली जमीन. तिचा बांध चिकण चिखलाचा. बाहेर खारं पाणी, आत भातशेती आणि मध्ये मानस, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरतीला बाहेरचं पाणी झडपेवर दाबलं की ती आपोआप मिटते, ओहोटीला आतलं पाणी वर राहिलं की उघडते. मानशीला माणूस फारसा लागत नाही. बांधाला रोज लागतो. बांध मोठ्या लाटेने फुटतो असं बाहेरच्यांना वाटतं. बहुतेक वेळा तो खेकड्याच्या बिळापासून फुटायला लागतो. ओहोटीला बोटभर भोक दिसतं. ते तसंच सोडलं तर भरतीचं पाणी त्यातून आत येतं आणि येताना माती घेऊन येतं. काही भरत्यांत भोकात हात जातो. अमावास्या-पुनवेची मोठी भरती आली की बांधाचा तुकडाच बसतो. मग खारं पाणी शेतात, आणि ते मीठ धुऊन निघायला एका पावसाळ्याने भागत नाही. कोरगुटासारखं खारं सोसणारं भातसुद्धा भरतीच्या पाण्यात बुडून उभं राहत नाही.

भोक बुजवायचीही रीत आहे. वरून चिखल थापला तर तो सुकतो, आक्रसतो आणि सालीसारखा सुटून येतो. आधी बीळ खोदून मोकळं करायचं, आतली सैल माती काढायची, कडा ओल्या करायच्या, मग ताजा चिखल गोळ्यागोळ्याने आत दाबत बाहेर यायचं. ओला ओल्यालाच चिकटतो. हे ओहोटीच्या वेळेत उरकावं लागतं आणि ओहोटीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, त्यामुळे घड्याळ बघून काम करणाऱ्याचं इथे जमत नाही.

तेव्हा माझ्या लेखी चिकाटी म्हणजे नुसतं लागून राहणं नाही. जिथे धरायचं ती जागा आधी साफ करून, ओली करून मग धरणं. तुमचा दुसरा मुलगा कानशीवर ब्रश फिरवतो, खडू लावतो, तेच हे.

मडगाव

एक छोटी भर. कोंकणीत काम म्हणजे 'वावर' आणि कामगार म्हणजे 'वावराडी'. विदर्भ-मराठवाड्यात वावर म्हणजे शेत. आपल्याकडचा मुलगा पुण्यात मुलाखतीला 'मला वावराची सवय आहे' म्हणाला तर समोरच्याला तो शेतकरी वाटेल. अर्जात 'कामाची सवय' लिहावं.

बार्देश, माडांच्या बागाईतीतले

'सातत्य' या शब्दाबद्दल बोलायला हवं, कारण हल्ली तो चिकाटीच्या जागी सर्रास वापरतात. माझ्या मते सातत्य कामाचं असतं, चिकाटी माणसाची.

रेंदेराचं, म्हणजे माडाची ताडी काढणाऱ्याचं काम घ्या. सूर, म्हणजे ही ताडी, काढायची तर त्याच माडावर दिवसातून तीन वेळा चढावं लागतं. सकाळी आणि संध्याकाळी दामोण्यातली, म्हणजे मडक्यातली सूर उतरवायची, दुपारी पोयीच्या, म्हणजे माडाच्या फुलोऱ्याच्या, टोकाची पातळ चकती कातीने (धारदार सुरीने) काढायची. न उमललेली पोय आवळून बांधलेली असते, ती हलक्या हाताने ठोकून मऊ केलेली असते आणि कापलेल्या तोंडातून रस ठिबकत असतो. चकती जाड निघाली तर पोय लवकर संपते. पातळ काढायची राहिली तर तोंड सुकून बंद होतं आणि रस थांबतो. इथे सातत्य झाडच मागतं. रेंदेराला ताप आला तर त्याची चिकाटी कमी होत नाही, पण सातत्य तुटतं आणि पोय वाया जाते. म्हणून घरातला दुसरा कोणीतरी चढतो. सातत्य दोघांत वाटून घेता येतं, चिकाटी वाटता येत नाही.

दाखल्यावर 'सातत्य' लिहायचं असेल तर ते हजेरीपटावरून लिहावं, ते मोजता येतं.

आणखी एक शब्द: 'दम'. काजूच्या बोंडांचा निरो, म्हणजे रस, आंबवून दारूच्या भाटीवर चढवला की जाळ मंद ठेवावा लागतो. घाईने लाकडं सारली तर आतलं उकळून फेस नळीत चढतो, तळ करपतो आणि तो करपट वास पुढे हुर्राकात (पहिल्या उकळीच्या दारूत) आणि फेणीतही राहतो. भाटीजवळच्या माणसाला चिकाटी कमी असली तरी चालेल, दम हवा. 'दम धरणे' म्हणजे करण्यासारखं काही हाताशी असूनही ते न करणं. स्वभावाच्या रकान्यात हा गुण कोणी लिहीत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हापसा, भाषांतर करणाऱ्या

मनुष्यबळ विभागांची कागदपत्रं मराठीत आणताना 'ग्रिट' हा शब्द सारखा येतो आणि त्याला डोळे मिटून 'चिकाटी' लिहिलं जातं. अँजेला डकवर्थ आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये ही संकल्पना मांडली तेव्हा तिचे दोन भाग होते: प्रयत्न न सोडणं आणि आवड वर्षानुवर्षं तीच राहणं. मराठी 'चिकाटी'त पहिला भाग पूर्ण येतो, दुसरा येत नाही. त्याला 'ध्यास' जवळचा. गंमत म्हणजे 2017 मध्ये आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा कामगिरीशी जास्त संबंध पहिल्याच भागाचा दिसला. शिवाय ही सगळी कल्पना मानसशास्त्रात आधीपासून असलेल्या एका स्वभावगुणाशी बरीचशी जुळते, हेही दिसलं.

त्या जुन्या गुणाला मराठीत 'कर्तव्यदक्षता' म्हणतात. मला तो शब्द पोलिसांच्या सत्काराचा वाटतो. वेळेवर येणं, हत्यार जागच्या जागी ठेवणं, सांगितलेलं लक्षात ठेवणं, हाती घेतलेलं पुरं करणं, हे सगळं त्यात येतं. 1991 मध्ये बॅरिक आणि माउंट यांनी अनेक व्यवसायांचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा जवळजवळ प्रत्येक प्रकारच्या कामात उपयोगी पडणारा गुण हाच निघाला. बोलकेपणा विक्रीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामात उपयोगी, सगळीकडे नाही. म्हणजे 'मनमिळाऊ' लिहून फिटरच्या मालकाला फार काही कळत नाही. मी 'काटेकोर' सुचवीन, आणि काम संपवण्यापुरता 'उरक'. 'त्याला कामाचा उरक आहे' हे वाक्य कोणत्याही मालकाला समजतं. हा शब्द लिहिण्यातून का गेला, कळत नाही.

कुडचडे

तिसऱ्या मुलाबद्दल कोणी बोललं नाही. त्याच्यासाठी शब्द आहे: हेका. माप गेलं तरी घासणं हा हेका. चिकाटीचा माणूस पट्टी लावून बघतो, हेकट बघत नाही.

मात्र हा शब्द जपून वापरा. 7 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या 88 खाणींचे लीज रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून खनिज काढणं थांबलं. त्याआधी 2012 मध्येही खाणी बंद पडल्याच होत्या. कर्जाचा ट्रक दारात ठेवून परत काम सुरू व्हायची वाट बघणाऱ्यांना तेव्हा कोणी चिवट म्हणालं, कोणी हेकट. ट्रकवाल्याच्या हाती पट्टी नव्हतीच. काम कधी सुरू होणार ते ठरवणारे दुसरेच होते. कोणाची चिकाटी मोजायची तर आधी बघावं, निकाल त्याच्या हातात किती होता. नाहीतर लोक परिस्थितीचा दोष स्वभावाच्या रकान्यात लिहून मोकळे होतात.

फोंडा, मराठीच्या शिक्षिका

कुडचडेकरांचं म्हणणं पटलं. त्यांनी 'चिवट' काढला म्हणून तोही सांगते. चिवट आधी वस्तूचा गुण: चिवट भाकरी, चिवट वेल, ताणलं तरी तुटत नाही ते. म्हणून माणसाला चिवट म्हणायचं तर ताण आलेला असावा लागतो. चिकाटीला ताण लागतोच असं नाही. प्रशिक्षणाच्या काळात ताण आला नसेल तर 'चिवट' लिहू नका, ते तपासलेलंच नाही.

डिचोली, फिटर ट्रेडचे निदेशक

खूप काही मिळालं. मग रकाना असा भरायचं ठरवतोय: विशेषण एकच आणि त्यापुढे डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट एका ओळीत. पहिल्यासाठी 'जिद्दी. चूक झाली की सोडत नाही, मात्र पद्धत बदलायला सांगावं लागतं.' दुसऱ्यासाठी 'चिकाट व काटेकोर. दर काही फेऱ्यांनी स्वतः माप तपासतो.' तिसऱ्यासाठी 'बैठक चांगली. माप तपासायची सवय अजून लावावी लागेल.' सातत्य हजेरीवरून, आकड्यात. तिसऱ्याला 'हेकट' लिहीत नाही, अठरा वर्षांच्या मुलाच्या कागदावर तो शब्द कायमचा राहील.

फक्त 'चिकाट' हे रूप चालेल का? 'चिकट' लिहिलं तर मालक त्याला कंजूष समजेल.

फोंडा, मराठीच्या शिक्षिका

'चिकाट' बोलण्यात आहे, चूक नाही. पण छापील कागदावर टंकणारा ते हमखास 'चिकट' करून ठेवील. 'चिकाटीचा' लिहा. 'बैठक चांगली' मात्र तसंच ठेवा, तो शब्द फार नेमका पडला आहे.